अर्धगोलावर विणलेलं कापड बसवताना: कॅडमधला पॅटर्न आणि चार कोपऱ्यांतल्या सुरकुत्या

साचेकार
फायबरग्लासच्या अर्धगोल रेडोमसाठी (रडार-अँटेनावरचं कवच) कापडाचा सपाट पॅटर्न काढायचा आहे. साचा मादी (पोकळ, कापड आतून बसतं), आतली त्रिज्या १५० मिमी, तळाशी २५ मिमी रुंदीची फ्लँज (बाहेर निघणारी सपाट कड). कापड साध्या विणीचं ई-ग्लास (काचधाग्याचं), २०० जीएसएम (ग्रॅम दर चौरस मीटर). एकूण ८ थर, इपॉक्सी, व्हॅक्यूम बॅग. राइनो या कॅड प्रोग्रॅममध्ये पृष्ठभाग तयार आहे आणि 'स्क्विश' कमांडने तो सपाट केला, तर जवळपास गोल तुकडा मिळतो. तो साच्यात टाकला की चार ठिकाणी, समान अंतरावर, सुरकुत्या येतात. काठाच्या साधारण ३५ मिमी वरून त्या सुरू होतात. चार सुरकुत्यांच्या मधल्या भागात मात्र कापड काठापर्यंत जेमतेम पोचतं.

प्रश्न असे: पॅटर्न चुकतो कुठे? फायबरसिमसारखं महागडं ड्रेपिंग सॉफ्टवेअर (पृष्ठभागावर कापड कसं बसेल याचा हिशेब करणारं) न घेता बरोबर पॅटर्न काढता येईल का? आणि टक्स (जास्तीचं कापड चीर देऊन किंवा दुमडून घेणं) द्यायचेच झाले, तर नेमके कुठे आणि किती लांब?

ताणाबाणा
स्क्विश हे या कामाचं हत्यार नाही. ते पत्रा, चामडं, निओप्रीन यांसाठी आहे. म्हणजे असे पदार्थ, जे सगळ्या दिशांना थोडे ताणतात, थोडे आकुंचन पावतात. विणलेल्या कापडाचं तसं नाही. ताण्याचा धागा लांब होत नाही, बाण्याचाही होत नाही. बदलतो तो दोघांमधला कोन. विणीतला चौकोन तिरका होऊन समभुज होतो, त्यालाच शिअर म्हणतात. त्यामुळे कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या रेषेवर हट्टी असतं आणि उरेब, म्हणजे ४५ अंश तिरक्या, दिशेला सढळ.

ब्लेंडरमधलं यूव्ही अनरॅप (चित्र चढवण्यासाठी पृष्ठभाग सपाट उलगडणं) वापरायचा मोह अनेकांना होतो. त्यातली कन्फॉर्मल पद्धत कोन जपते आणि लांबी बदलते. कापड लांबी जपतं आणि कोन बदलतं. अगदी उलटं. टेक्स्चरसाठी ते उत्तम आहे, कापायच्या तुकड्यासाठी नाही.

गोल तुकड्यावर सुरकुत्या चारच का येतात, तेही यातूनच कळतं. ताण्याच्या दोन आणि बाण्याच्या दोन अशा चार दिशांना शिअर शून्य असतं. त्यांच्या मधोमध, म्हणजे ४५ अंशांवर, ते सगळ्यात जास्त असतं. तुमच्या सुरकुत्या त्या चार उरेब रेषांवरच असणार. धाग्याची दिशा तपासून बघा.

वक्ररेषा
ताणाबाणा यांच्या म्हणण्यामागचं गणित मांडतो, कारण ते कळलं की सॉफ्टवेअर उघडण्याआधीच अर्धं उत्तर हाती येतं.

१८७८ साली पॅरिसमध्ये रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी कपड्यांच्या कटिंगवर व्याख्यान दिलं. न ताणणाऱ्या धाग्यांची जाळी वक्र पृष्ठभागावर कशी बसते, हा त्याचा विषय होता. म्हणून अशा जाळीला आजही चेबिशेव्ह जाळी म्हणतात. पुढे १९५६ साली मॅक आणि टेलर यांनी जर्नल ऑफ द टेक्स्टाइल इन्स्टिट्यूटमध्ये हेच गृहीतक धरून विणलेलं कापड पृष्ठभागावर बसवण्याचा हिशेब मांडला: धागे न ताणणारे, आणि छेदबिंदूंवर ते पिनेने जोडल्यासारखे, तिथे सरकत नाहीत, फक्त फिरतात. आजच्या ड्रेपिंग सॉफ्टवेअरमधली जलद, भौमितिक पद्धत याच गृहीतकावर चालते.

यातून निघणारा सगळ्यात उपयोगी नियम असा. एका बिंदूतून ताण्याची एक आणि बाण्याची एक अशा दोन सरळ रेषा (पृष्ठभागावरच्या सरळ, म्हणजे जिओडेसिक) काटकोनात काढा. आता जाळीतला कुठलाही बिंदू घ्या. त्या बिंदूपाशी शिअर किती? तर त्या दोन रेषा आणि त्या बिंदूतून जाणारे दोन धागे मिळून जो चौकोन बनतो, त्याच्या आतली एकूण गाऊस वक्रता (एकाच वेळी दोन दिशांना असलेलं वळण, कोनात मोजलेलं). बरोबर तितकंच. ग्रीक गणिती हात्झिडाकिस यांच्या सूत्राचं हे सरळ रूप आहे.

म्हणून सिलिंडर आणि शंकू यांच्यावर कापड विनातक्रार बसतं. तिथे गाऊस वक्रता शून्य असते. म्हणूनच फिलेटची (कोपऱ्याला किंवा कडेला दिलेल्या गोलाईची) त्रिज्या वाढवली की सगळं सुटेल ही समजूतही खरी नाही. पेटीच्या कोपऱ्यात, जिथे तीन बाजू मिळतात, एकूण वक्रता ९० अंश असते. त्रिज्या ५ मिमी ठेवा की ५० मिमी, ९० म्हणजे ९०. मोठ्या त्रिज्येने ती फक्त जास्त जागेवर पसरते. कडांवरच्या फिलेटला मात्र काही किंमत मोजावी लागत नाही, ते वळण एकाच दिशेचं असतं.

तुमच्या अर्धगोलासाठी हा हिशेब सोडवून आकडे देतो. माथ्यावरून निघून उरेब दिशेने खाली येताना:

माथ्यापासून ६४ अंशांवर शिअर ३० अंश,
७६ अंशांवर ४० अंश,
साडेएक्याऐंशी अंशांवर ४५ अंश,
आणि काठावर, म्हणजे ९० अंशांवर, साधारण ५२ अंश.

हे कोन त्रिज्येवर अवलंबून नाहीत, कुठल्याही अर्धगोलाला लागू आहेत. तुमच्या १५० मिमी त्रिज्येला ७६ अंशांची रेषा काठाच्या ३७ मिमी वर येते. तुमच्या सुरकुत्या ३५ मिमीवर सुरू होतात. म्हणजे हे कापड ४० अंशांच्या जरा पुढे 'लॉक' होतंय, त्याहून जास्त शिअर घेत नाही.

माथ्याजवळच्या भागासाठी सोपं सूत्र: ताण्याच्या दिशेचं अंतर गुणिले बाण्याच्या दिशेचं अंतर, भागिले त्रिज्येचा वर्ग. उत्तर रेडियनमध्ये, ५७.३ ने गुणलं की अंश. ३०० मिमी त्रिज्येच्या वाडग्यावर १५० आणि १५० मिमी अंतरावर ०.२५ रेडियन, म्हणजे १४ अंश. साधारण ३० अंशांपर्यंत हे चांगलं जुळतं.

साचेकार
रेषा तपासल्या. चारही सुरकुत्या उरेबवरच आहेत. मग सपाट तुकड्याचा आकार गोल नसून काय असतो?

वक्ररेषा
ताण्या-बाण्याच्या चार दिशांना केंद्रापासून काठ २३६ मिमीवर (त्रिज्येच्या दीडपटीहून थोडा जास्त, वर्तुळाचा पाव परीघ). उरेबच्या चार दिशांना २०८ मिमीवर. साच्यात बसताना उरेबवरचे २०८ मिमी लांबून २३६ होतात, तेरा टक्क्यांहून थोडे जास्त. म्हणजे तुकडा कोपरे दाबलेल्या वर्तुळासारखा दिसतो. २३६ त्रिज्येचं वर्तुळ कापलं तर चार कोपऱ्यांत २८ मिमी जास्तीचं कापड राहतं. लहान वर्तुळ घेतलं तर मधल्या चार दिशांना ते कमी पडतं. तुम्हाला दोन्ही त्रास एकाच वेळी का दिसतात ते यावरून लक्षात येईल. ट्रिमिंगसाठी सगळीकडे २५ मिमी वाढवा.

जाळीवाला
सॉफ्टवेअरबद्दल. या कामाला फिशनेट अल्गोरिदम पुरतो आणि तो राइनोच्या पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळींत लिहिता येतो.

पृष्ठभागावर सीड पॉइंट, म्हणजे जाळी जिथून सुरू होते तो बिंदू, ठरवा. तिथून ताण्याची दिशा द्या. त्या दिशेने दोन्हीकडे आणि काटकोनात दोन्हीकडे जिओडेसिक रेषा काढून त्यांवर ठराविक अंतराने (समजा ५ मिमी) बिंदू मांडा. आता एकेका चतकोरात आत शिरायचं. नवा बिंदू त्याच्या दोन शेजाऱ्यांपासून बरोबर ५-५ मिमीवर हवा आणि पृष्ठभागावर हवा. म्हणजे दोन गोलांचा छेद हे एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाचा पृष्ठभागाशी छेद. उत्तरं दोन येतात. त्यातलं एक म्हणजे मागचा, आधीच माहीत असलेला बिंदू. दुसरं आपलं. पृष्ठभागाच्या दोन पॅरामीटरमध्ये न्यूटन पद्धतीने सोडवा, दोन समीकरणं, दोन अज्ञातं. सुरुवातीचा अंदाज: दोन शेजाऱ्यांची बेरीज वजा मागचा बिंदू, मग पृष्ठभागावर प्रोजेक्शन. तीन-चार फेऱ्यांत उत्तर येतं. अंदाज न देता सोडवलं तर सॉल्व्हर हमखास मागच्या बिंदूवर जाऊन बसतो आणि जाळी स्वतःवरच दुमडते.

यातली सुंदर गोष्ट अशी की सपाट करण्याची वेगळी पायरीच लागत नाही. प्रत्येक बिंदूचा क्रमांक हाच त्याचा सपाट पत्ता: ताण्यात १२वा, बाण्यात ७वा, म्हणजे सपाट कापडावर ६० मिमी आणि ३५ मिमी. भागाची कड ज्या घरांतून जाते, त्या घरांत तिचं स्थान मोजून तेच सपाट जाळीवर उतरवायचं. झाला पॅटर्न.

अल्गोरिदम अडतो तो तीन ठिकाणी. पायरी फार मोठी असली की लहान फिलेट उडी मारून ओलांडली जाते. पायरी सगळ्यात लहान त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठी ठेवू नका. दुसरं, पृष्ठभाग अनेक तुकड्यांचा असेल आणि जोडांत फटी असतील तर प्रोजेक्शन भरकटतं. अशा वेळी आधी एकसंध मेश (त्रिकोणांचा बनलेला पृष्ठभाग) करून घ्या आणि त्याच्यावर काम करा. तिसरं, दोन शेजारी एकमेकांपासून १० मिमीहून लांब गेले की गोल छेदतच नाहीत. तिथे प्रोग्रॅम थांबवा आणि ती घरं लाल रंगवा, जबरदस्तीने पुढे जाऊ नका.

कोड लिहायचा नसेल तर ग्रासहॉपरमध्ये (राइनोमधलं दृश्य प्रोग्रॅमिंग) कांगारू हे प्लगइन. जाळीच्या रेषांना 'लेंग्थ' ही अट भरपूर ताकदीने, बिंदूंना 'ऑनमेश', कर्णांना काहीच नको किंवा अगदी मऊ स्प्रिंग. त्या मऊ स्प्रिंगने शिअर थोडं वाटून घेतलं जातं. फक्त शेवटी रेषांची लांबी तपासा. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडत असेल तर लेंग्थची ताकद कमी पडतेय.

उरेब
इथे रेझिनवाले बरेच दिसतात, मी शिवणकामाच्या बाजूने लिहिते, कारण वक्रता मोजायची पद्धत दोन्हीकडे एकच आहे.

टक्स म्हणजे कापडात घातलेला कोन. ४ इंच लांबीचा, तळाशी दीड इंच रुंदीचा टक्स शिवला की टोकाशी साधारण २१ अंशांची वक्रता तयार होते. ब्लाउजला खालचा टक्स, बाजूचा टक्स, मुंढ्याचा टक्स दिले की त्या सगळ्यांच्या कोनांची बेरीज ही एका बाजूच्या उभाराची वक्रता. कटोरी ब्लाउजमध्ये हीच वक्रता टोकाशी एकवटत नाही, कटोरीच्या गोलाकार शिवणीवर पसरते, म्हणून तिथे टोक निघत नाही. कटोरीचा तुकडा उरेब कापला तर उरलेसुरले काही अंश कापड स्वतः शिअरने घेतं.

साचेकार, तुम्हीही हाच हिशेब करा. एकूण वक्रतेतली कापड किती घेणार आणि टक्स किती घेणार, हे आधी वाटून टाकायचं.

साचेकार
मग क्लो थ्रीडी किंवा मार्व्हलस डिझायनर इथे चालेल का? त्यात कापडाचे गुणधर्म देता येतात.

उरेब
कपडा अंगावर कसा पडतो, झोळ कुठे येतो हे बघायला ती छान आहेत, आणि कापडाचं वजन, वाकण्याचा ताठपणा, उरेबचा ताण हे सगळं त्यांत मोजून भरता येतं. पण ती मुख्यतः सुरुवात करतात तयार पॅटर्नपासून. तुम्हाला उलटा प्रवास हवा आहे, आकारापासून पॅटर्नकडे. शिवाय तिथलं कापड धाग्यांच्या दिशेनेही थोडं ताणतं. काचेचा धागा तसा ताणत नाही.

ताणाबाणा
आता लॉकिंग अँगलबद्दल, म्हणजे ज्या शिअरला कापड लॉक होतं त्याबद्दल, कारण सगळा निर्णय त्याच्यावर आहे. शिअर वाढतं तसे समांतर धागे एकमेकांच्या जवळ येतात. धाग्यांमधलं मूळ अंतर गुणिले कोनाचा साइन, हे धाग्याच्या रुंदीइतकं झालं की ते एकमेकांना टेकतात. धाग्याची रुंदी अंतराच्या ०.७ असेल तर हे ताण्या-बाण्यातला कोन ४४ अंशांवर आला की होतं, म्हणजे ४६ अंश शिअरला. पुढे दाबून थोडं आणखी जातं, मग कापड पृष्ठभाग सोडून वर उठतं. सुरकुती म्हणजे तेच.

साध्या विणीत हे साधारण ४० ते ४५ अंशांना होतं. टू-बाय-टू ट्विलला (दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून जाणारी वीण) थोडं उशिरा. आठ हार्नेसच्या सॅटिनला ५५च्या आसपास, कारण त्यात धागा सात धाग्यांवरून तरंगत जातो आणि मोकळा राहतो. हे आकडे दिशा दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या रोलचा आकडा तुम्हीच काढा, सोपं आहे.

उरेब कापलेली १०० मिमी रुंद पट्टी घ्या, दोन पकडींमध्ये २५० मिमी मोकळी लांबी राहील अशी. लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी नको. मधल्या भागात मार्करने धाग्याच्या दिशेने १० मिमीची जाळी आखा. आता हळूहळू ओढा. पट्टी ३४ मिमी लांबली की मधल्या भागात ३० अंश शिअर, ४२ मिमीला ४० अंश, ४६ मिमीला ४५ अंश. पट्टीच्या मध्यावर कापड कुठल्या टप्प्यावर वर उचलायला लागतं ते बघा. त्याच्या ३-४ अंश अलीकडचा आकडा डिझाइनसाठी धरा. ४० अंशांपुढे धागे सरकायला लागतात आणि पट्टीच्या लांबीवरून काढलेला कोन खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून तिथे जाळीचा फोटो काढून कोन थेट मोजावा.

साचेकार
मोजलं. ३८ मिमी ताणापर्यंत सपाट राहतं, ४४ मिमीला उचलतं. म्हणजे तुमचा ४० अंशांचा अंदाज बरोबर. मग सॅटिन घ्यायचं की टक्स द्यायचे?

ताणाबाणा
सॅटिन मिळत असेल तर सॅटिन. गरज ५२ अंशांची आहे, ते काठोकाठ बसेल. ७७८१ या नावाने मिळणारं आठ हार्नेसचं काचकापड सुमारे ३०० जीएसएम असतं, म्हणजे आठऐवजी पाच-सहा थर पुरतील. एक लक्षात ठेवा: सॅटिन सुट्टं असतं, कापताना कोन सहज बिघडतो. कापण्याआधी कडेने चिकटपट्टी किंवा हलका स्प्रे ॲढेसिव्ह.

साधी वीणच ठेवायची असेल तर चार टक्स, चारही उरेब रेषांवर. सपाट तुकड्यावर केंद्रापासून उरेब दिशेला १८० मिमीवर शिअर ४० अंश होतं. चीर १७५ मिमीपासून सुरू करून कडेपर्यंत न्या. पाचर कापून काढू नका, फक्त चीर द्या आणि दोन कडा एकमेकींवर चढू द्या. साच्यात बसल्यावर काठापाशी १५ ते २० मिमीहून जास्त ओव्हरलॅप होत असेल तर जास्तीचा भाग तिथेच कात्रीने काढा.

वक्ररेषा
रेडोम आहे म्हणून जाडीबद्दल बोललंच पाहिजे. लहरींना जाडीतला फरक चालत नाही, आणि शिअरने जाडी वाढते. तेवढेच धागे कमी जागेत येतात, म्हणून जीएसएमला शिअरच्या कोसाइनने भागायचं. २०० जीएसएमचं कापड ३० अंशांना २३१ होतं, ४० अंशांना २६१, ५२ अंशांना ३२५च्या आसपास.

धाग्यांचं प्रमाण आकारमानात ५० टक्के धरलं तर तुमचा एक थर सुमारे ०.१६ मिमी, आठ थर १.२६ मिमी. सगळे थर एकाच दिशेने टाकले आणि सुरकुती न येता बसले, तर काठावरच्या चार कोपऱ्यांत जाडी २ मिमीच्या पुढे जाईल आणि त्यांच्या मधे १.२६च राहील.

उपाय फुकटचा आहे. अर्धगोल सगळ्या बाजूंनी सारखा, म्हणून प्रत्येक थराचा पॅटर्न एकच. फक्त साच्यात टाकताना तो फिरवायचा. शिअरचा नमुना दर ९० अंशांनी पुन्हा येतो, म्हणून चार थर ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर टाका, पुढचे चार पुन्हा तसेच. जाडी गोलभर बरीचशी सारखी होते आणि टक्सही आपोआप एकमेकांवर येत नाहीत. ४५ अंशांच्या थरासाठी कापड तिरकं कापून वाया घालवायची गरज नाही. रोलवर सगळे तुकडे सरळच मांडा. ट्रिमिंगसह एक तुकडा ५२२ मिमी रुंद, १२७० मिमीच्या रोलमध्ये दोन शेजारी शेजारी बसतात.

ताकदीचा हिशेब करणाऱ्याला हे जरूर कळवा: काठाजवळ उरेबवर ताणा-बाण्यातला कोन ३८ अंशांपर्यंत मिटलेला असतो, म्हणजे दोन्ही धागे उभ्या रेषेपासून जेमतेम १९ अंशांवर. तिथे उभी ताकद भरपूर आणि आडवी कमी. ॲनालिसिसमध्ये सगळीकडे ०-९० धरलं तर उत्तर चुकीचं येईल. ॲन्सिसच्या एसीपीमध्ये (थरांच्या ताकदीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम) ड्रेपिंग चालू केलं की प्रत्येक एलिमेंटला त्याचा खरा कोन मिळतो.

जाळीवाला
अर्धगोल सोपा आहे कारण सीड पॉइंट कुठे हा प्रश्नच पडत नाही, माथा. फेअरिंग, सीटचं कवच, हेल्मेट असल्या आकारांना सगळा खेळ सीडचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये सीड आपोआप मधे पडतो आणि लोक तोच ठेवतात.

वक्ररेषा यांनी दिलेल्या नियमाचाच वापर करा. कुठल्याही चतकोरात त्या चौकोनातली एकूण वक्रता लॉकिंग अँगलच्या वर जाता कामा नये, म्हणून सीडच्या दोन रेषा अशा टाका की वक्रता चार चतकोरांत वाटली जाईल. पेटीचा कोपरा घ्या. सीड वरच्या सपाट बाजूवर ठेवला तर कोपऱ्याचे सगळे ९० अंश एकाच चतकोरात येतात, कुठलंही कापड ते घेणार नाही. सीड थेट कोपऱ्यावर ठेवला आणि दोन्ही रेषा तिथूनच नेल्या, तर चौघांना साडेबावीस अंश येतात आणि साधी वीणही आरामात बसते. तुकडा तोच, साचा तोच.

मेशवर वक्रता मोजायची तर प्रत्येक बिंदूभोवतीच्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज करा आणि ३६० मधून वजा करा. हव्या त्या भागातल्या सगळ्या बिंदूंची ही तूट मिळवली की त्या भागाची एकूण वक्रता. कडेवरचे बिंदू यात धरू नका, त्यांचा हिशेब वेगळा असतो.

आणि सगळी पेटी, चार कोपऱ्यांसह, एकाच तुकड्यात बसवायचा अट्टहास नको. एका कोपऱ्याला सोयीचा सीड दुसऱ्याला महाग पडतो.

साचेकार
पॅटर्न बरोबर आहे की नाही हे महागडं काचकापड कापण्याआधी तपासायचं कसं?

उरेब
त्याच घनतेच्या जवळपास जाणारं, खळ काढलेलं साधं सुती कापड घ्या. धुऊन, इस्त्री न ओढता सपाट वाळवा. धाग्याच्या दिशेने २० मिमीचे चौकोन आखा, पॅटर्न कापा, साच्यात बसवा आणि डिव्हायडरने चौकोनांचा आखूड कर्ण मोजा. शिअर नसेल तर २८.३ मिमी. ३० अंशांना बरोबर २० मिमी, म्हणजे बाजूइतकाच. ४० अंशांना १६.९. ४५ला १५.३. संगणकातल्या जाळीशी दहा-बारा जागा जुळवून बघितल्या की पुरे.

ताणाबाणा
हे जुळण्यासाठी कापड बसवण्याचा क्रम संगणकासारखाच हवा. साच्यावर माथ्यातून दोन काटकोनी रेषा मार्करने काढून ठेवा, कापडावरही त्याच रेषा रंगीत धाग्याने किंवा चॉकने. आधी माथा दाबा. मग ताण्याची रेषा दोन्ही बाजूंनी काठापर्यंत, मग बाण्याची. या चार रेषा पक्क्या झाल्यावरच चतकोरात शिरा, माथ्याकडून काठाकडे, कापड उरेब दिशेला खाली ओढत. काठापासून सुरुवात केली तर वेगळीच जाळी बसते, जास्तीचं कापड माथ्याजवळ जमा होतं आणि मग पॅटर्नला दोष दिला जातो.

जाळीवाला
कटिंगला देताना डीएक्सएफमध्ये (कटिंग मशीनला द्यायची रेखाटनाची फाइल) बाहेरची रेषा एका लेयरवर, टक्सच्या चिरा दुसऱ्या, आणि खुणा (केंद्र, ताण्याचा बाण, थराचा क्रमांक, फिरवण्याचा कोन) तिसऱ्या लेयरवर. युनिट मिलिमीटर आहे ना हे बघायला कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन टाका आणि कापल्यावर मोजा. बाहेरची रेषा हजारो बारीक तुकड्यांची झाली असेल तर सुरी दर तुकड्याला थांबते आणि काचेचे धागे ओढले जातात. ०.२ मिमीच्या टॉलरन्सने ती साधी करून घ्या.

साचेकार
एकच राहिलं, फ्लँज. पॅटर्न फ्लँजपर्यंत वाढवला की जाळी वळणावर पुन्हा तुटते. उरेबच्या जागी लाल घरं.

ताणाबाणा
घुमटाचं कापड फ्लँजवर नेऊच नका. वळणावर वक्रता ऋण होते आणि शिअर उलट दिशेने सुटायला लागतं. पायरी बारीक केली तर हिशेबात ते ठीक दिसेलही, पण आधीच ४० अंशांना दाबलेलं कापड त्या लहान त्रिज्येत परत उघडत नाही. ते वळणावरून उचलतं आणि खाली रेझिनचा खड्डा राहतो. घुमटाचा थर वळण सुरू होतं तिथेच ट्रिम करा.

फ्लँजसाठी उरेब पट्ट्या वेगळ्या कापा: २५ मिमी फ्लँज, २० मिमी घुमटावर चढलेली, १० मिमी ट्रिमिंग, म्हणजे ५५ मिमी रुंद. काठाचा परीघ ९४२ मिमी, तीन तुकडे करा, जोडावर २० मिमी ओव्हरलॅप धरून प्रत्येकी ३३४ मिमी. घुमटाकडची कड न ओढता आधी बसवा आणि बाहेरची कड बोटांनी ओढत फ्लँजवर पसरवा. फ्लँजची बाहेरची कड १७५ मिमी त्रिज्येवर आहे, म्हणजे तिथे पट्टी साधारण १७ टक्के लांबायला हवी. उरेबमध्ये त्याला सुमारे २१ अंश शिअर लागतं, साध्या विणीला सहज झेपणारं. घुमटाचा एक थर, पट्टीचा एक थर असं आळीपाळीने टाका आणि प्रत्येक थरात पट्ट्यांचे जोड ४० अंश पुढे सरकवा. वळणाची आतली त्रिज्या निदान ५ मिमी ठेवा.